फांदी त्यांची, डिंक आमचा

९ जानेवारी

या घराण्यात एक अन्याय वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्याची दखल कोणी घेत नाही, म्हणून आज ती मीच घेते. सकाळी थोरल्या जाऊबाईंनी मला दात घासायला जी काडी दिली, तिला काडी म्हणणं म्हणजे म्हशीला पाखरू म्हणणं. अंगठ्याएवढी जाड, दोन काटे जागच्या जागी, आणि वर म्हणे, "चावून बघ, कोवळीच आहे." चावली. काडी शाबूत आहे. माझी उजवीकडची दाढ नाही.

पुढच्या पिढ्यांना सगळं समजावं म्हणून थोडं मागचं लिहिते. आमच्या आणि थोरल्या भावजींच्या रानामधून एक बांध जातो आणि बांधावर सात बाभळी आहेत. मामंजींनी जाण्याआधी दोन मुलांत जमीन वाटली, पण बाभळी वाटल्या नाहीत. चार इकडे आणि तीन तिकडे केल्या तर चौथीवरून डोकी फुटतील, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी झाडच आडवं वाटलं. फांद्या, पाला, शेंगा, काटे थोरल्याचे, कारण शेळ्या त्याच्याकडे. खोड, साल आणि डिंक धाकट्याचा, म्हणजे आमचा. थोरल्याने फांद्या ओरबाडल्या तर आमचा डिंक आटणार, आम्ही साल जास्त सोलली तर त्यांच्या शेंगा जाणार. दोघांच्याही शेंड्या एकमेकांच्या मुठीत. मामंजी पक्के होते. फक्त सुनांना दात असतात, एवढं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. दातवण म्हणजे फांदी, आणि फांदी त्यांची. त्यामुळे गेली बावीस वर्षं मी पारोशा तोंडाने रोज जाऊबाईंच्या दारात उभी राहते. बदल्यात आठवड्याला डिंकाचा एक खडा, त्यांच्या खोकल्यासाठी. तो खडा त्या उजेडात धरून बघतात, सोनार बघतो तसा.

गाल सुजला आहे, तोंड उघडत नाही. बावीस वर्षांत कुणाला जमलं नाही ते एका काडीने केलं, असं भावजी भिंतीपलीकडून म्हणाले आणि स्वतःच हसले. बोलता येत नाही म्हणून ही वही.

१५ जानेवारी

बाभळीच्या सालीचा काढा करून गुळण्या चालू आहेत. साल आमची, तिला कुणाची परवानगी लागत नाही. गुण येतो, पण चव चप्पल उकळल्यासारखी. चामडं कमावणाराही हीच साल नेतो, तेव्हा नवल नाही.

यांना मी दिवसभर दाढेची कहाणी सांगते. तोंड बंद असलं तरी हातवारे आहेतच. काडी, काटे, जाऊबाईंचा दारात उभं राहण्याचा थाट, सगळं करून दाखवते. हे ऐकतात. ऐकणं हाच यांचा मुख्य धंदा. भावजी यांना लहानपणापासून 'मुक्या' म्हणतात आणि आता सगळेच म्हणतात.

आज बाजारातून आल्यावर यांनी खिशातून हिरवा प्लास्टिकचा ब्रश काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आता नको उभी राहूस तिच्या दारात." महिन्याचं बोलणं एका दमात संपवलं.

ब्रशने हिरड्यांतून रक्त आलं. यांना वाईट वाटायला नको म्हणून तो ओला करून खुंटीला अडकवते आणि गुपचूप काडी आणायला जाते.

२९ जानेवारी

डिंकवाला आला होता. दर हंगामात येतो, आमचा डिंक तोंडात टाकतो, पावशेर कारलं खाल्ल्यासारखा चेहरा करतो आणि मग सगळा घेऊन जातो. या वेळी आधी यांना गोठ्याच्या मागे घेऊन गेला. तो तासभर बोलत होता आणि हे तासभर मान हलवत होते. परत आले तेव्हा काखेत एक खोकं. विचारलं तर म्हणाले, गोचिडाचं औषध. आमच्याकडे जनावर एकच, इन्स्पेक्टर नावाचा कुत्रा, जो चोर सोडून सगळ्यांवर भुंकतो. एवढ्या बाटल्या म्हणजे गोचिडांची चैन झाली.

खाटेचा पाय डुगडुगतो म्हणून लाकडाला भोक पाडायचं गिरमिट शोधलं. जागेवर नाही. हे म्हणाले, असेल कुठंतरी.

१६ फेब्रुवारी

यंदा बाभळींना आमची दया आली. दर वर्षी सालीला खाच पाडायची, आठवडाभर वाट बघायची आणि मग लिंबाएवढा गोळा मिळाला तर हात जोडायचे. यंदा नुसता पूर आहे. खोडावरून ओघळून मुळांपर्यंत येतो. मी सुपात घेऊन निवडते, काड्या आणि मुंग्या काढते, माझी बोटं सुटी होत नाहीत. हेही झाडांना जीव लावून आहेत. सगळे आडवे झाले की भर दुपारी बांधावर जातात, खोडांना चिखलाचे लेप लावतात. लेकराला गोवर आल्यावर आई लावेल तसे, बोटाने, जागोजागी. परत येताना हात घरी धुवत नाहीत, बांधाकडच्या हौदावरच स्वच्छ धुऊन येतात. लग्नानंतर इतक्या वर्षांनी माणूस सुधारला.

काडीच्या बदल्यातला खडा द्यायला गेले. जाऊबाईंनी उजेडात धरला, जिभेला लावला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला.

"हा नको. गेल्या वर्षीचा असला तर दे."

गेल्या वर्षीचा डबाभर आहे, निवडून निवडून ठेवलेला, मुलीच्या बाळंतपणासाठी. मी म्हटलं, संपला. मग काडी घेऊन आले. खडा राहिला.

२७ फेब्रुवारी

विहिरीकडची बाभूळ पिवळी पडली. वरून नाही, एकदम सगळीच, जशी कावीळ व्हावी. शेंगा भरायच्या वेळी पाला खाली.

सकाळी आरडाओरडा ऐकून धावले. भावजींनी यांची मान मागून धरली होती आणि तोंड खोडावर घासत होते, वर-खाली, वर-खाली, किसणीवर खोबरं घासावं तसं. "बघ मुक्या," ते म्हणत होते, "साल गेल्यावर कसं वाटतं ते बघ." यांच्या गालाचं कातडं निघालं. खोडावर रक्त आणि डिंक एकत्र ओघळला होता, कुठलं काय ते कळेना.

माझी सूज उतरली होती, तेव्हा जीभ कामाला आली. म्हटलं, भावजी, डोकं तुम्ही भादरता आणि ताप आला की पायांना शिव्या देता. खाच मोजा की. मोजली. यांनी पाडलेली खाच दोन बोटंसुद्धा नव्हती, दर वर्षीच्या निम्मी. भावजी थुंकून निघून गेले. लढाई आम्ही जिंकली. एवढ्याशा खाचेतून एवढा डिंक कसा, असं क्षणभर मनात आलं. पण जिंकलेल्या लढाईचा पंचनामा कोण करतो?

यांनी हात उचलला नाही. काही अपराध नसताना इतकं सोसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लुगडं रक्ताने भरलं ते हिंगणाच्या फळांच्या फेसात भिजत घातलं. डाग गेला. या फळांचं बरं आहे, कुणाचं रक्त ते विचारत नाहीत.

८ मार्च

आणखी दोन बाभळी गेल्या. आणि काल त्यांच्या दोन शेळ्या हौदाशी पाय झाडून मेल्या, एक गाभण होती.

भावजी मेलेली गाभण शेळी मागच्या पायांनी ओढत आणत होते. अंगणात मी डिंक वाळत घातला होता. त्याच्यावर त्यांनी ती दाणकन आपटली. तिचे डोळे उघडे होते, तोंडातून फेस आला होता आणि कानाला डिंकाचे खडे चिकटले होते.

"शेराचं दूध कालवलं पाण्यात," भावजी म्हणाले. "कुंपण तुमच्याकडे आहे."

शेराचं कुंपण आहे आमच्याकडे, मान्य. हिरव्या पेन्सिलींची दाटी, मोडलं की पांढरं दूध गळतं, म्हणून तर कुठलं जनावर तिकडे तोंड लावत नाही. पण मी कशाला शेळ्या मारू? म्हटलं, तुमची रोजची बडबड ऐकून जीव दिला असेल बिचारीनं. बोलून गेले आणि भावजींचा चेहरा बघून वाटलं, नसतं बोललं तर बरं झालं असतं. असं मला वर्षातून एकदा वाटतं.

हे शेळीकडे बघत होते. मग घरामागे जाऊन ओकले. मन फार हळवं आहे यांचं.

९ मार्च

इन्स्पेक्टर मारला. सकाळी बांधावर सापडला. कुऱ्हाडीचा एकच घाव, डोक्यापासून डोळ्यापर्यंत. शेपूट घराच्या दिशेला होतं. म्हणजे आलेल्या माणसाकडे धावत गेला होता, ओळखीचा म्हणून.

भुंकला नसणार. चोर सोडून सगळ्यांवर भुंकायचा असं मी वर लिहिलंय. आता ते वाचवत नाही.

यांनी खड्डा खणला. खणताना रडले. मी यांचं रडणं आजवर ऐकलंच नव्हतं. आवाज भावजींसारखाच आहे.

१० मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी हे पहार घेऊन गेले आणि बांधाकडचा हौद फोडायला लागले. हौद त्यांच्या शेळ्यांचा. मी थांबवलं नाही. उलट दारातून म्हटलं, तळापासून फोडा. भावजी आले ते धावतच. यांची पहार एकदा त्यांच्या खांद्याला लागली, मग दोघे खाली. साठीला टेकलेला एक आणि पन्नाशीचा एक, चिखलात लोळताहेत, एकमेकांचे केस धरताहेत, लहानपणी भांडले असतील तसेच, फक्त आता दोघांच्या अंगात मारून टाकण्याची ताकद आहे. भावजी वर आले. छातीवर गुडघा. कुऱ्हाडीचा दांडा आडवा करून त्यांनी यांच्या गळ्यावर दाबला. तो दांडा 'वाकडी'चा, बांधावरच्या शेवटच्या बाभळीच्या फांदीचा. मामंजींनी स्वतः तासून दिलेला. यांचे पाय हलायचे थांबायला लागले.

मी शेराच्या कुंपणाची फांदी मोडली आणि भावजींच्या तोंडावर मारली. एकदा नाही. फांदी तुटेपर्यंत.

दूध त्यांच्या डोळ्यांत गेलं. ते ओरडले नाहीत, बें केलं त्यांनी, शेळीसारखं. डोळ्यांवर हात दाबून जमिनीत डोकं खुपसायला लागले. जाऊबाई घागर घेऊन आल्या. नवऱ्याचं डोकं मांडीत दाबलं, बोटांनी पापण्या फाकल्या आणि पाणी ओतत राहिल्या. ते लाथा मारत होते. घागर संपली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाणी आण."

आणलं. विहिरीवर किती खेपा झाल्या ते माहीत नाही. त्या ओतत होत्या आणि मी भरत होते. आम्ही दोघींनी मिळून काही काम केलं असेल तर ते मुलीच्या लग्नातलं आणि हे.

माझ्या मनगटावर दूध ओघळलं होतं तिथं फोड आले आहेत. दवाखान्याची गाडी भावजींना घेऊन गेली.

२६ मार्च

भावजी परत आले. डावा डोळा गेला. उजव्याने दिसतं.

मला नवी दाढ बसली. यंदाच्या डिंकाच्या पैशातून. दातांच्या डॉक्टरने आरसा दिला. गाल आत-बाहेर करून बघितलं. पांढरीशुभ्र आहे, तोंडातली एकमेव गोष्ट जी कुणाविषयी वाईट बोललेली नाही. हे दारात उभे राहून बघत होते आणि हसले. गालावरची खपली अजून आहे.

पाच बाभळी उभ्या वाळल्या. त्यांच्या सावलीत पीक दोन बोटं उंच यायचं आणि उन्हाळ्यात पाखरांची वस्ती असायची. आता हात लावला की साल पदरात येते. सहावीलाही पिवळेपण आलंय. एक वाकडी तेवढी हिरवी. भावजी सकाळपासून तिच्याखाली मांडीवर कुऱ्हाड घेऊन बसतात, एका डोळ्याने आमच्या दाराकडे बघत. मुक्याने झाडं मारली, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलंय. कसं मारली ते मात्र त्यांना सांगता येत नाही.

मी सगळ्यांना सांगितलंय की भावजींनी शेळ्यांच्या हव्यासापायी झाडं ओरबाडून मारली. माझी गोष्ट जास्त रंगते. सांगायची पद्धत असते.

१० एप्रिल

मी पाठवलं यांना.

दोन दिवस हे वाकडीला खाच पाडायला जायचं टाळत होते. मी म्हटलं, खोड आपलं आहे ना? एक आंधळा म्हातारा बसलाय म्हणून आपण आपलं हक्काचं सोडायचं? दुपारी पेंगतात ते, तेव्हा जा. "वाकडी राहू दे," म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही घाबरलात. मग गेले.

ओरडण्याचा आवाज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनी धावले. हे वाकडीच्या खोडाला टेकून बसले होते आणि उजवा हात डाव्या हातात धरला होता. त्यातून रक्त उडत होतं, गळत नव्हतं, उडत होतं. दोन बोटं नव्हती. भावजी समोर उभे, कुऱ्हाड खाली टेकलेली, धापा टाकत. "त्याच्या हातात काय होतं ते बघा," एवढंच म्हणत राहिले. "हातात काय होतं ते बघा." कोण बघतंय? मी लुगड्याचा पदर फाडून मनगट आवळलं, दात लावून गाठ मारली. नव्या दाढेने.

गाडी सुटताना जाऊबाई मागून पळत आल्या. हातात रुईचं पान दुमडलेलं. खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं. आत यांची दोन बोटं होती, माती झटकून स्वच्छ केलेली.

डॉक्टर म्हणाला, आता उपयोग नाही.

१२ एप्रिल

दवाखान्यात. भावजींना पोलिसांनी नेलं आहे. उद्या माझा जबाब. मी तो मनात तयार केला आहे. खुनाचा प्रयत्न. सहा बाभळी, कुत्रा, गळ्यावरचा दांडा, बोटं. प्रत्येक वाक्य असं की लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवून माझ्याकडे बघावं. ते सुटून आले तर पुन्हा मारतील, आणि या वेळी बोटांवर भागणार नाही. दहा वर्षं आत राहिले तर बरं. त्या वयात दहा वर्षं म्हणजे सगळीच.

दुपारी जाऊबाई आल्या. बाकावर माझ्या शेजारी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बराच वेळ खोकल्या. मग कनवटीची गाठ सोडून एक फडकं मध्ये ठेवलं आणि उघडलं.

गिरमिट. आणि सुई. गुरांना टोचायची असते तसली जाड, काचेची नळी काठोकाठ भरलेली.

"तुमच्या घरचं आहे," त्या म्हणाल्या. "वाकडीखाली पडलं होतं."

मी सुई पुन्हा फडक्याने झाकली.

"पोलिसांना नाही दाखवलं. माझा गेलाच आहे. तुझाही गेला तर दोन घरांत मिळून आपण दोघीच उरू." परत खोकल्या. "आणि तू मला दिवसभर बोलून मारशील."

फडकं तिथंच ठेवून गेल्या.

मी यांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. फडकं चादरीवर उघडलं. यांनी बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. चिखलाचे लेप, हौदावरचे हात, दोन शेळ्या, गोचिडं. मी इतकी हुशार बाई, आणि माझ्याच डोळ्यांदेखत. विचारलं, का? पहिल्यांदा आयुष्यात मी एक शब्दाचा प्रश्न विचारला.

उत्तर आलं ते भिंतीकडेच.

"तुला रोज तिच्या दारात उभं राहावं लागायचं. रोज सांगायचीस."

पुढे म्हणाले, "औषधाने डिंक वाढतो, दाढेचे पैसे निघतील, म्हणाला डिंकवाला. झाडं मरतील असं तो बोलला नव्हता. तीन गेल्यावर कळलं. मग थांबलो तर दादा बरोबर ठरला असता."

मी दाढेवरून जीभ फिरवली. गुळगुळीत आहे. कुठेही काही अडकत नाही.

१३ एप्रिल

जबाब घ्यायला आलेला पोलीस तरुण होता, टेबलाचा पाय कमी होता म्हणून त्याने खाली कागदाची घडी घातली. जाऊबाईंना दाराशी उभं केलं होतं.

मी सांगितलं, दोघे भाऊ मिळून फांदी छाटत होते, कुऱ्हाड निसटली.

त्याने वर पाहिलं. "फांद्या थोरल्याच्या ना? मला गावात दहा जणांनी सांगितलं. मग तुमचे मालक काय करत होते तिथं?"

"फांदी धरून उभे होते."

"कशाला?"

"भावाला एका डोळ्याने दिसत नाही. त्याला फांदी धरून द्यावी लागते."

"आणि तो डोळा कसा गेला?"

"शेराची फांदी लागली."

"कुणाच्या हातची?"

मी 'माझ्या' म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. दारातून जाऊबाई म्हणाल्या, "वारा होता त्या दिवशी."

पोलिसाने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाला, तुमच्याकडे वारा फार वाईट दिसतो बाई. आणि लिहून घेतलं. यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. ज्या हाताने सही करता यायची तो बांधलेला आहे.

उरलेल्या बाटल्या, गिरमिट, सुई आणि घरात होता तेवढा यंदाचा सगळा डिंक मी घरी आल्याबरोबर बांधापासून लांब, पडीक कोपऱ्यात खोल पुरला. डिंकवाला संध्याकाळी आला होता. आणखी बाटल्या हव्यात का, म्हणाला. त्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, वहीचा कागद पातळ आहे. तो पळाला तेव्हा त्याचा डावा बूट आमच्या अंगणात राहिला.

४ मे

सहा बाभळी तोडायच्या आहेत. उभ्या राहिल्या तर वावटळीत कुणाच्या अंगावर पडतील. खोड आमचं, फांद्या त्यांच्या. मेल्यावरही वाटणी तीच. हे आणि सुटून आलेले भावजी करवत ओढायला बसतात, एकाला एक डोळा, एकाला आठ बोटं. करवत इकडे येते, तिकडे जाते. भावजी 'मुक्या' म्हणायचे बंद झालेत. आता काहीच म्हणत नाहीत, ते जास्त ऐकू येतं. काल एकदा करवत अडकली तेव्हा यांच्या हातांत कुऱ्हाड होती आणि भावजींची मान वाकलेली होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. यांनी कुऱ्हाडीने पाचर ठोकली. करवत सुटली. मी आत जाऊन चूल फुंकली.

खरं काय ते भावजींना यांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. सांगितलं नसेल तर कधीतरी सांगावं लागेल, आणि त्या दिवशी कुऱ्हाड घरात नसावी.

वाकडी जगली आहे. तिला भोक पडलं होतं, औषध आत गेलं नव्हतं. भोकात कुणीतरी मेण भरलंय. तिच्याखाली शेळ्यांच्या लेंड्यांत बाभळीची तीन-चार रोपं उगवलीत, नखाएवढी. भावजींनी भोवती काटे रोवलेत. काटे त्यांचे.

९ मे

सकाळी उठले. ब्रश खुंटीवरून काढून चुलीत टाकला. प्लास्टिकची घाण सुटली म्हणून नंतर अर्धा तास दारं उघडी ठेवावी लागली. डबा काढला, मुलीसाठी ठेवलेला. झाकणाखाली कडुनिंबाचा पाला होता तो बाजूला केला. गेल्या वर्षीचा डिंक, मधाच्या रंगाचा, एकही काडी नाही. फेब्रुवारीपासून राहिलेले खडे मोजून काढले, त्यातले मोठे निवडले.

पारोशा तोंडाने जाऊबाईंच्या दारात उभी राहिले. त्या शेळीला पाणी पाजत होत्या. मी खडे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांना खोकल्याची ढास आली, ती जाऊ दिली. मग त्यांनी एक खडा उचलून तोंडात टाकला.

उजेडात धरून बघितला नाही.